फेरपडताळणी

एकतीस वर्षं मी बडोद्यातली वजनं तपासली.
मखमली पेटीत सरकारी पितळ घेऊन
मांडवी, वाडी, रावपुरा, खंडेराव मार्केट.
आधी रिकामी पारडी बघायची,
काटा मध्यावर येऊन दम खातो का ते.
मग डावं-उजवं बदलून पुन्हा.
मग वजन उलटं करून बुडाचं शिसं:
कुणी कोरलंय का, कुणी मेण भरलंय का.
बरोबर असेल तर शिक्का. हातोडीचा एक ठोका.
बाकी काही विचारायचं नाही.

नगीनदासच्या गल्ल्यामागे पाटी होती,
जेवी करणी तेवी भरणी, सोनेरी अक्षरांत.
आणि पाटीच्या बरोबर खाली
एक किलोचं वजन,
जे नऊशे वीस भरायचं.
ऐंशी ग्रॅम तूरडाळ, मुठीत मावते.
दिवसाला किती मुठी, वर्षाला किती पोती,
हा हिशेब मी एकदा पाठकोऱ्या कागदावर मांडला
आणि कागद फाडला.
कारण त्या वैशाखात आमच्याकडे पंखा आला होता.
"बेबीची परीक्षा आहे ना साहेब,"
एवढंच म्हणाला तो.
हातोडीचा एक ठोका.

पंखा अजून फिरतो.
एकदा कंडेन्सर बदलला, तेवढंच.
बेबी त्याच्याखाली बसून पास झाली,
सुरतेला डोळ्यांची डॉक्टर आहे,
गरिबांकडून पैसे घेत नाही म्हणतात.
हे कुठल्या पारड्यात घालू?

नगीनदास एक्याण्णव वर्षं जगला.
उत्तरायणाच्या आदल्या रात्री उंधियू खाऊन झोपला
तो उठलाच नाही.
"पुण्यवान माणूस," बेसण्यात सगळे म्हणाले.
मीही पांढरा सदरा घालून बसलो होतो,
मान हलवत.

आणि रेवाबेन.
तिसऱ्या ओट्यावर भाजी विकायची.
तिचा तराजू तपासला तर खोट निघाली:
किलोमागे साठ ग्रॅम
गिऱ्हाइकाकडे जास्त जात होते.
नियमात चूक ती चूक.
दंडाची पावती माझ्या अक्षरात आहे.

त्याच साली विश्वामित्री घरात शिरली.
शेळी गेली, भिंत गेली, नवरा
तीन दिवसांनी सापडला. कुठे, ते ती सांगत नसे.
पाणी ओसरलं तेव्हा चुलीपाशी मगर बसलेली.
वनखात्याची माणसं आली,
तिला दोरीनं बांधून, अगदी जपून,
घेऊन गेली.
शेजारी म्हणाले, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.

मागचा जन्म.
नोकरीत असतो तर म्हटलं असतं,
ते वजन आधी फळीवर ठेवा.
न दिसणाऱ्या वजनावर शिक्का मारता येत नाही मला.
आणि तो वरचा तराजू
शेवटचा कधी तपासला? कुणी?
दर दोन वर्षांनी फेरपडताळणी, असा नियम आहे,
भंगारवाल्यालासुद्धा आहे.

"असं बोलू नये," बायको म्हणते.
वात पुढे सरकवते, आणि मग हळूच,
"मग तुम्हाला झोप का नाही लागत?"
वय झालं, म्हणतो मी. प्रोस्टेट.
ते खोटं नाही.

परवा मार्केटात गेलो.
रेवाबेनच्या ओट्यावर आता सून बसते,
इलेक्ट्रॉनिक काटा, लाल आकडे.
अर्धा किलो वांगी. आकडा पाचशेवर थांबला,
तिनं पिशवी उचलली,
आणि काट्याला कळणार नाही अशी
वर कोथिंबिरीची जुडी टाकली, दोन मिरच्या.
"हे कशाला?"
"बा म्हणायच्या, टाकायचं."
मला ओळखलं नव्हतं तिनं.
मीही ओळख दिली नाही.

घरी येऊन कोथिंबीर निवडायला बसलो.
काड्या एकीकडे, पानं एकीकडे.
वाऱ्यानं पानं उडायला लागली
तेव्हा उठून पंखा दोनवर आणला.
बंद नाही केला.
उकडत होतं.